निर्मलाचा आरोपी

समस्त मुकुंदवाडीकरांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येतं की, माझी पत्नी निर्मला हिनं आमच्या संसाराची बहुतेक वर्षं एका परपुरुषाच्या तब्येतीची काळजी वाहिली, आणि मागच्या महिन्यात त्याच्याआधी स्वतःच निघून गेली. रिक्षाला भोंगा बांधून नळाला पाणी कधी येणार, सेल कुठं लागला, कुणाचं काय हरवलं, हे गल्लोगल्ली सांगत फिरणं हा माझा धंदा. ही बातमी मात्र भोंग्यावरून सांगवेना, म्हणून लिहितोय.

तो परपुरुष म्हणजे सशस्त्र पोलीस दलाचा एक निवृत्त कमांडर. चिकलठाण्यातला एक कारखाना बंद पडला तेव्हा कामगारांनी जालना रोडवर मोर्चा काढला होता. या कमांडरच्या तुकडीनं त्या मोर्चावर गोळीबार केला. गेलेल्यांत प्रल्हाद होता, निर्मलाचा पहिला नवरा. मी दुसरा. लोकांना वाटायचं, मला प्रल्हादचा हेवा वाटत असणार. छे. प्रल्हादचा फोटो मीच मढवून आणला, हारही मीच घालायचो. गेलेल्या माणसाशी कसली चढाओढ... माझा प्रतिस्पर्धी जिवंत होता.

अशा अधिकाऱ्यावर खटला चालवायला सरकारची मंजुरी लागते. ती येईपर्यंत कमांडरसाहेब निवृत्त झाले आणि आजारी पडू लागले. दर तारखेला त्यांचा वकील डॉक्टरचं सर्टिफिकेट पुढं करायचा आणि पुढची तारीख पडायची. आमच्या वकिलांनी एकदा निर्मलाला समजावलं, "ताई, फिर्यादी गेली तरी खटला चालतो. आरोपी गेला की संपलं." त्या दिवसापासून माझ्या घरात त्या माणसाचं ब्लडप्रेशर राहायला आलं.

"अवो, बायपास झाली म्हनं," ती भाकरी थापता थापता सांगायची.

"कुणाची?"

"त्याचीच की."

घरात नुसतं 'त्यो' म्हटलं की तो. मी कुणाच्या लग्नाला चल म्हटलं तर ही पाच मिनिटांत असेल त्या लुगड्यावर तयार. कोर्टाची तारीख असली की आदल्या दिवशी इस्त्री, केसांना तेल, चपला पुसलेल्या. रिक्षात मागं बसून मला बजावायची, "जरा दमानं चालवा, केस उडायलेत." मी आरशातून बघत राहायचो. एवढं नटून माझ्या बायकोनं कधी माझी वाट पाहिली नाही. कोर्टात ती दाराकडं तोंड करून बसायची आणि परत येताना चितेगावच्या बहिणीला फोनवर सांगायची, "आज बी नाय आला."

एकदा मी तापानं फणफणलो होतो. संध्याकाळी ती विहारातून आली. मी खाटेवरून विचारलं, "मेणबत्ती कुणासाठी लावली?" तिनं माझ्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाली, "तुमच्यासाठी बी लावली." त्या 'बी'नं माझा ताप अंशभर तरी वाढला असणार. मी भिंतीकडं तोंड केलं. म्हटलं, "ज्यानं तुझा नवरा मारला त्याला आयुष्य मागतेस?" ती म्हणाली, "त्यो म्हनतो, हुकूम दिलाच नाय. जज्जापुढं उभा राहून म्हनू दे की. मी बी व्हते मोर्च्यात, बघितलंय, त्यानं हात वर केला आन् खाली केला, तशा गोळ्या सुटल्या. मेला तर कुणाला इचारू?"

तिला त्याची फाशी नको होती. तिला तो उभा राहिलेला हवा होता. बस.

शेवटी सरकारी दवाखान्यात ती पडून होती तेव्हाही विचारलं ते हेच, "तारीख कधी हाय?" माझा पारा चढला. म्हटलं, "मरायला टेकलीस तरी त्याचंच. माझं काय होणार, हे एकदा तरी विचार." तिनं डोळे उघडून माझ्याकडं नवलानं बघितलं. "तुमचं काय इचारायचं... तुमी तर हायेतच की."

सगळ्या संसाराची पावती या एका वाक्यात मिळाली, आणि मी वेडा अजून तिच्यात खोट शोधत बसतो.

तिच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला आणि आठवड्यातच तारीख आली. या वेळी कोर्टानं सर्टिफिकेट नाकारलं होतं. मी कडक इस्त्रीचा शर्ट घालून गेलो, तिच्या जागेवर दाराकडं तोंड करून बसलो. इतकी वर्षं मी एक रुबाबदार गडी मनात रंगवला होता, पीळदार मिशीचा, उंचापुरा. दारातून आला तो वॉकर धरलेला, भर उन्हाळ्यात स्वेटर घातलेला म्हातारा. माझी निराशाच झाली. याच्यासाठी ती नटायची...

जज्जांनी आरोप वाचून दाखवले आणि विचारलं, मान्य आहेत का. त्यानं कठड्याला हात लावला, तोंड उघडलं, आणि तो वॉकरसकट एका बाजूला कलायला लागला. चेहरा पांढरा पडत चालला. आणि आयुष्यभर भोंग्यावर बोललेला माझा आवाज माझी परवानगी न घेता सुटला, "आवो, खुर्ची द्या त्याला कुणीतरी, माझ्या बायकोचा जीव अडकलाय त्याच्यात."