तारबुवांनी न मानलेली उडी

तारबुवा,

या नावाने हाक मारलेली तुला आवडायची नाही, म्हणून मुद्दाम मारते. चौतीस वर्षं तू लोकांच्या डोक्याला तारा चिकटवल्यास आणि घरी येऊन माझं डोकं खाल्लंस. मी आठवडाभर पोरांना भौतिकशास्त्र शिकवून दमलेली, आणि तू जेवताना विचारणार, ‘ताई, तुझं गुरुत्वाकर्षण कळतं ते नक्की कोणाला?’ त्या गुरुवारबद्दल मात्र आपण कधी धड बोललो नाही. मीच बोलू दिलं नाही. आता लिहिते. मध्ये तोंड घालू नकोस. तशी सोयही आता राहिलेली नाही.

एवढं लिहून ताईने पेन खाली ठेवलं. भाऊ जाऊन चार महिने झाले होते. मेलेल्या माणसाला पत्र लिहिणं हा शुद्ध बावळटपणा आहे, असं तिचं आजवरचं मत होतं. मत बदललं नव्हतं, पण त्या गुरुवारचं काय करायचं तेही कळत नव्हतं.

भाऊ इस्पितळात मेंदूचा आलेख काढायचा. तिसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून, एका माणसाने वळायचं म्हटलं तर दुसऱ्याने बाहेर जावं अशी खोली. आधी कागदावर पेनं खरखरायची, पुढे पडदा आला. कामात बाकी काही बदललं नाही: डोकं मोजायचं, खुणा करायच्या, कातडी पुसायची, चिकट मलम लावून एकवीस तारा बसवायच्या. आणि हे सगळं करताना तो पेशंटशी बोलायचा. पेशंट बेशुद्ध असला तरी.

“आता कपाळ पुसतो हं. गार लागेल.”

“अहो, तो कुठे ऐकतोय?” नर्स हसायच्या.

“ऐकत असेल तर सांगायचं राहायला नको. नसेल तर माझं काय झिजतंय?”

त्यातच त्याला वेदान्त वाचायचा नाद. कोणीतरी ‘तारबुवा’ म्हटलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच.

रविवारी तो ताईकडे यायचा आणि जुंपायची.

“गाढ झोपेतून उठून तू म्हणतेस, छान झोप लागली. तू तर नव्हतीस. मग छान होती ते पाहिलं कोणी?”

“कोणी नाही. मेंदूने उठल्यावर अंदाज बांधला. अंग हलकं वाटलं, म्हणजे झोप छान.”

“असेल. भूल दिलेली माणसं तर म्हणतात, आत्ताच डोळे मिटले होते. मधलं काहीच नाही. तो मुद्दा तुझ्या बाजूचा, मान्य.”

हीच त्याची खोड. आपल्या विरुद्धचा पुरावा आपणच आणून द्यायचा. मग भांडायला मजा काय? ताईचे यजमान, आयुष्यभर इमारतींचे नकाशे काढलेला शांत माणूस, चहाचे तिन्ही कप ठेवत म्हणायचे, “दोघं गप्प बसा. चैतन्य निवतंय.”

त्यांनाच एका सकाळी दाढी करताना झटका आला. अकरा दिवस डोळे उघडले नाहीत. श्वास यंत्रावर. डॉक्टरांनी सांगितलं, आलेख काढू, काही प्रतिसाद दिसतो का ते बघू आणि मग यंत्राचं ठरवू. दुसरा माणूस पाठवता आला असता, पण भाऊ म्हणाला, भावोजींच्या डोक्याला दुसऱ्याचा हात नको.

गुरुवारी दुपारी त्याने तारा लावल्या, एकेक सांगून. पडद्यावर रेघा संथ, जवळजवळ सपाट सरकत होत्या. मग तो म्हणाला, “ताई, तू हाक मार. ओळखीचा आवाज असला तर बरं.”

ती खाटेवर ओणवी झाली. काय म्हणावं सुचेना. तोंडातून तेच निघालं, जे चाळीस वर्षं घराबाहेर पडताना निघत होतं.

“अहो, गॅस बंद केलात का?”

रेघा उडाल्या. सगळ्याच्या सगळ्या.

“बघ! उडाल्या! ऐकलं त्यांनी! यंत्र काढायचं नाही, सांग डॉक्टरांना!”

भाऊ पडद्याकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, “ताई, तुझं कोपर.”

“काय झालं कोपराला?”

“तारांच्या जुडग्यावर आहे.”

“असू दे. त्यांनी ऐकलं.”

“सगळ्या रेघा एकाच क्षणी, एकाच मापाने? मेंदू अशी कवायत करत नाही. हे खरं तर तू मला सांगायचंस.”

“मला शिकवू नकोस!”

“मागे सरक. हात मांडीवर ठेव. पुन्हा हाक मार.”

तिने मारली. तीनदा. त्याने टाळी वाजवली. “भावोजी, नख दाबतो हं, दुखेल,” म्हणून नख दाबलं. रेघा आपल्या सरकत राहिल्या.

ताईचा तोल सुटला. “एरवी तुझं चैतन्य भिंतीत असतं, खुर्चीत असतं. आणि माझ्या नवऱ्यात तेवढं नाही?”

“आहे ना. ते कुठे जाणार? पण हाक ऐकायला मन लागतं. मन हे मेंदूचं काम, आणि ते इथे पडद्यावर दिसतं. आज दिसत नाही.”

“आणि गाढ झोपेतही बघत बसणारा तुझा तो साक्षी?”

“तो कुणाच्याच आलेखात दिसत नाही. तुझा काढला तरी दिसणार नाही. म्हणून तर त्याच्या नावावर खोटी रेघ खपवायची नाही.”

“मग असल्या साक्षीचा मला काय उपयोग? साधं गॅसचं विचारलं तर उत्तर देत नाही!”

“काही उपयोग नाही, ताई,” तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. तो तारा काढायला लागला. “भावोजी, आता उजवीकडची काढतो. केस जरा ओढले जातील.”

कोणी ऐकत नाही हे त्यानेच आत्ता दाखवलं होतं, आणि तरी सांगत होता. एरवी ताईने हा विरोधाभास त्याच्या तोंडावर फेकला असता. त्या दिवशी ती नुसती ऐकत उभी राहिली. जणू तेही कोणीतरी करायला हवं होतं.

डॉक्टरांनी आलेख वाचून तेच सांगितलं. शनिवारी यंत्र काढलं. तासाभरात संपलं.

महिन्याभराने ताई म्हणाली, “मला तो आलेख बघायचाय. पहिली उडीसुद्धा. मोजपट्टी घेऊन.”

“बघू की. तुझ्या हाकेची खूण मी तेव्हाच आलेखावर केली होती. आधी उडी का आधी हाक, सेकंदाच्या हिशेबाने कळेल. फक्त पत्नीच्या सहीचा अर्ज लागतो. तू सही कर, मी काढून आणतो.”

पुढच्या रविवारी त्याने अर्ज आणला. त्यानंतरच्या रविवारी विचारलं, “केलीस सही?”

“करते.”

पुन्हा विचारलं, तेव्हा ती खेकसली, “घाई काय आहे?” आणि उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच तारबुवांनी वाद घातला नाही. नंतर कधी विचारलंही नाही. दोन वर्षांनी तोही गेला, झोपेत.

अर्ज टेबलाच्या खणात आहे. नाव, नातं, तारीख, सगळं भावाच्या अक्षरात भरलेलं. सहीची जागा तेवढी कोरी.