बिल्ला माझ्याकडं होता

कंपनीच्या भिंतीवर हिरव्या रंगात मोठं लिहिलेलं होतं की आम्ही प्रत्येक कपड्यामागं इतकं इतकं पाणी वाचवतो. आकडा आता आठवत नाही. खाली थेंबाचं चित्र होतं आणि थेंबाच्या पोटात झाड. त्या भिंतीपासून पाच पावलांवर माझं स्टूल, आणि स्टुलाच्या वर खिळ्याला दोन लाल बिल्ले टांगलेले असायचे. बाईला लघवीला जायचं असलं की तिनं माझ्याकडून बिल्ला घ्यायचा, आल्यावर परत द्यायचा. दोन्ही बिल्ले बाहेर असले तर बसून राहायचं. साठ बायांच्या लाईनला दोन बिल्ले. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं ह्या बिल्ल्यांवरून झालं.

मी मूळचा टेलर. धारूरच्या बाजारात माझं दुकान होतं, म्हणजे एक मशीन नि बसायला एक फळी. शाळा सातवीपर्यंत. लोक तयार कपडे घ्यायला लागले तसं माझ्याकडं चेन बदलायला नि पँट आखूड करायलाच कुणी आलं तर यायचं. मग घरची म्हणाली, आपण दोघंबी शिवणारी माणसं, अंबाजोगाईच्या बाहेर माळावर कपड्याची कंपनी निघालीय, तिथं जाऊन बघू. गेलो. तिला मशीन मिळाली. लहान पोरींच्या फ्रॉकांना बाह्या जोडायच्या. ते फ्रॉक परदेशात जायचे. माझं वय बघून मला मशीन दिली नाही. धागे तोडायचे, गठ्ठे उचलून चेकिंगला न्यायचे, हे माझं काम. मला लई राग आलता. बाही जोडायला तिला मी शिकवलं होतं.

कंपनी वाईटच होती असं मी म्हणणार नाही. गावातल्या शाळेत पाण्याचं फिल्टर त्यांनीच बसवलं. चिंध्या फेकत नव्हते, गाद्यांत भरायला द्यायचे. पावसाळ्यात आम्हाला माळावर नेऊन झाडं लावून घ्यायचे, हिरव्या टोप्या घालायला लावून फोटो काढायचे. एका फोटोत मी पण आहे, हातात रोप धरून. ऑफिसातल्या मॅडम ह्याला सीएसआर म्हणायच्या. आमच्या बाया म्हणायच्या, शियेसार आलं गं, चला टोप्या घाला. त्यातली काही झाडं जगली.

माल घेणाऱ्या परदेशी गिऱ्हाइकाची अट होती की कामगारांची एक समिती पाहिजे आणि तीत बाया पाहिजेत. घरचीला तीत घेतलं, कारण ती वयानं मोठी आणि उलट बोलणारी नव्हती. बोर्डावर तिचा फोटो लागला. कपाळाला विभूती नि चेहरा असा, जणू कुणी रागावलंय. पहिल्या तीन बैठकींत ती चहा पिऊन आली.

त्या वेळी बिल्ले सुपरवायझरकडं असायचे. तिशीतला माणूस. नजरेचा वाईट नव्हता, तोंडाचा होता. आत्ता तर गेलतीस, परत कावून, कशासाठी, असं साऱ्या लाईनला ऐकू जाईल असं विचारायचा. नव्या लग्न झालेल्या पोरी रडकुंडीला यायच्या. चौथ्या बैठकीत घरची पहिल्यांदा बोलली. म्हणाली, बिल्ला बाप्या माणसाकडंच ठेवायचा असंल तर बापाच्या वयाच्या कुणाकडं तरी ठेवा. वहीत ते लिहून घेतलं. मॅनेजर साहेबाला ते पसंत पडलं. दुसऱ्या दिवशी त्यानं मला बोलावलं आणि दोन्ही बिल्ले माझ्या हातात दिले. लाईनवर बापाच्या वयाचा बाप्या मी एकटाच होतो. हे बोलताना तिच्याही ध्यानात आलं नव्हतं.

बाया खूश झाल्या. मी कुणाला काही विचारत नव्हतो, बिल्ला काढून द्यायचो. मला बिल्लेवाले मामा म्हणायला लागल्या. एक जण तर बाजारात भेटली की म्हणायची, मामा, हितं बी बिल्ला लागतो का वो. गिऱ्हाइकाकडून तपासणीला माणसं आली तेव्हा मॅडमनं त्यांना बिल्ल्याचं नाव न काढता सांगितलं की बायांच्या मागणीवरून आम्ही सुधारणा केली. साठातल्या एका बाईची अडचण झाली, आणि ती माझी बायको.

आजकालच्या माणसाला हे सांगितलं तर हसेल. तिनं कधी माझं नाव घेतलं नाही. चार माणसांत ती माझ्याशी बोलतच नसे. धारूरला दुकानात भाकरी घेऊन यायची तर गिऱ्हाईक बसलेलं बघून डबा फळीवर ठेवायची नि वळून जायची. आणि ह्या गोष्टीबद्दल तर चव्वेचाळीस वर्षांत आमच्यात एक शब्द झाला नव्हता. गावात असताना ती उजाडायच्या आत बाहेर जायची, मी जागा असलो तरी डोळे मिटून पडायचो. तशीच रीत होती. साठ बायांपुढं नवऱ्यासमोर हात करून बिल्ला मागायचा, हे तिला होण्यासारखं नव्हतं. तिनं मला सांगितलं नाही, समितीत सांगितलं नाही. पाणी प्यायचं बंद केलं. सकाळी बाटली भरून न्यायची आणि संध्याकाळी तशीच भरलेली घरी आणायची. असं दोन वर्षं.

मी काय करत होतो? स्टुलावर बसलो होतो. सुपरवायझर पोरींना म्हणायचा, मामीकडं बघा, एकदा बसल्या की उठत न्हाईत, शिका काहीतरी. ते ऐकून मला अभिमान वाटायचा. घरी आल्या आल्या ती पिशवी दारात टाकून आत पळायची, ते रोज दिसायचं. भरलेली बाटली दिसायची. मला वाटायचं, कंपनीतलं पाणी पीत असंल.

मग कंबर दुखायला लागली, ताप येऊन जायचा. मेडिकलवरून गोळ्या आणायच्या नि कामाला जायचं. पायांवर सूज आली तेव्हा सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई वयानं आमच्या लेकीएवढी होती. दिवसाला पाणी किती पिता म्हणून तिनं विचारलं. कामावर लघवीला जाता का? कुणी अडवतं का तिथं? तेव्हा हिनं माझ्याकडं बघितलं आणि पदराचं टोक धरून बसली.

घरी आल्यावर मी विचारलं. दोनदा विचारावं लागलं.

"साठ बायांपुढं तुमच्यापाशी काय मागू?" ती म्हणाली.

मी म्हणलं, अगं, नुसती उठून गेली असतीस, मी काय अडवणार होतो का तुला? तर म्हणाली, मग बाकीच्या म्हणल्या असत्या, मामाच्या बायकोला बिल्ला लागत न्हाई. तेही बरोबर होतं. त्या म्हणल्याच असत्या.

मी मॅनेजर साहेबाला जाऊन सांगितलं की बिल्ले दुसऱ्या कुणाकडं तरी द्या, नाहीतर काढून टाका. तो म्हणाला, काका, तपासणी होऊन जाऊ द्या. मी थांबलो. तोवर तिचं कामावर जाणं बंद झालं होतं, म्हणून मला घाई वाटली नाही. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण झालं तसंच.

ती उन्हाळा संपता संपता गेली. किडन्या गेल्या होत्या. मोठे डॉक्टर म्हणाले, साखर होती, वय होतं, एकाच कारणावर बोट ठेवता येत नाही. मी मान हलवली. आमच्यात मेलेल्या माणसाला बसवून पुरतात. तिला बसवली तेव्हा मला ती मशीनवर बसल्यासारखी दिसली. पाठ ताठ, मान थोडी खाली. मी तिथून बाजूला झालो, पुढचं भावकीनं केलं.

पंधरा दिवसांनी कामावर गेलो. खोलीत बसून काय करणार? बोर्डावर तिच्या जागी दुसऱ्या बाईचा फोटो लागला होता. बिल्ले खिळ्याला तसेच. माझ्या माघारी ते सुपरवायझर देत होता, मी आल्यावर त्यानं परत माझ्याकडं सोपवले. मी बायांना सांगितलं, मला मागू नका, घ्यायचा नि जायचं. तरी त्या मागायच्याच. सवय.

तपासणीची तारीख आली तशी मॅडमनं आम्हाला जेवणाच्या हॉलमध्ये बसवून काय विचारतील आणि काय सांगायचं ते शिकवलं. मास्क रोज मिळतो का? मिळतो. ओव्हरटाईम मर्जीनं करता का? मर्जीनं. लघवीला जायला परवानगी लागते का? लागत नाही. हे मी ह्याच्या आधी दोनदा सांगून बसलो होतो, मला पाठ होतं. त्या दिवशी बिल्ले ड्रॉवरमध्ये ठेवायचे असतात, तेही ठाऊक होतं.

ह्या वेळी शिकवलेलं मी सांगणार नाही, असं माझ्या तोंडावर दिसत असावं. सुट्टी झाल्यावर घरचीच्या शेजारच्या मशीनवरची बाई गेटपाशी माझ्याजवळ आली. नवऱ्यानं टाकलेली, पदरात दोन लेकरं. घरची आजारी असताना ती दोनदा भाजीभाकरी घेऊन आली होती, म्हणजे परकी नव्हती.

"मामा, मामी गेली. मला बी रडू येतं," ती म्हणाली. "पर ऑर्डर गेली तर मी लेकरं घिऊन कुठं जाऊ?"

मी म्हणलं, अजून मी काही बोललोय का? ती म्हणाली, तुमी बोलणार हाव. आणि कंपनीच्या बसमध्ये जाऊन बसली. माझ्यापासून लांबच्या सीटवर.

तपासणीच्या दिवशी सकाळी एक बिल्ला ड्रॉवरमध्ये टाकला आणि दुसरा खिशात घातला. कावून घातला ते तेव्हा माझं मलाही सांगता आलं नसतं. गिऱ्हाइकाच्या वतीनं आलेली बाई आपल्याकडचीच होती, मराठी बोलणारी, पण शहरातली. काचेच्या खोलीत एकेकाला बोलवत होती. मला म्हणाली, आजोबा, तुमचं नाव कुठं येणार नाही, मोकळं बोला. काचेतून सगळी लाईन दिसत होती. घरचीच्या शेजारची ती बाई मान खाली घालून बाही जोडत होती, पण तिचा वेग कमी झाला होता. एवढं माझ्या ध्यानात येतं, मी टेलर आहे.

तपासणीच्या बाईनं तोच प्रश्न विचारला. परवानगी लागते का?

मी खिशातला बिल्ला काढून तिच्यासमोर टेबलावर ठेवला. "हा माझ्याकडं असतो," मी म्हणलं. "हा घेतल्याबिगर बाईला उठता येत न्हाई."

ठेवायला कुणी सांगितलं, तिनं विचारलं. मॅनेजरचं नाव माझ्या तोंडाशी आलं होतं. ते घेतलं असतं तर तो गेला असता आणि ऑर्डरही गेली असती, माझ्यापायी साठ बाया घरी बसल्या असत्या. मी म्हणलं, दोन वर्षं मी ठेवतो, बाकी मला ठाऊक न्हाई. तिनं लिहून घेतलं. मग म्हणाली, कुणाला त्रास झाला का ह्याचा?

"झाला."

"कुणाला? त्यांच्याशी बोलता येईल का मला?"

"ती आता कामावर न्हाई," मी म्हणलं.

तिनं तेही लिहून घेतलं.

आठ दिवसांनी मॅनेजर साहेबानं ऑफिसात बोलावलं. चहा मागवला, तेव्हाच मला कळलं की काम गेलं. टेबलावर टाईप केलेला कागद होता. मी म्हणलं, वाचून दाखवा, चष्मा आणला न्हाई. त्यानं वाचलं. एक वयस्कर हेल्पर व्यवस्थापनाला न कळवता स्वतःच्या मनानं बिल्ल्याची पद्धत चालवत होता. त्याला कामावरून कमी केलं आहे. बिल्ले नष्ट केले आहेत. महिला कामगारांना त्यांच्या हक्कांची माहिती दिली आहे. वाचताना त्याचा आवाज बारीक होत गेला. माणूस तसा निर्लज्ज नव्हता.

मी म्हणलं, ते स्वतःच्या मनानं म्हणलंय, तेवढं काढा. तो म्हणाला, काका, तेच तर पाहिजे गिऱ्हाइकाला, ते काढलं तर ऑर्डर राहत नाही. चहा निवला. मग पेन मागितला नि सही केली. मनानं मी काही केलं नव्हतं, हे खरंय. पण हातानं केलं होतं. त्याचं कुठल्या तरी कागदावर असावं, असं मला वाटलं. मोठेपणा म्हणून नाही. ती गेल्यापासून मला कुणी काही विचारलं नव्हतं. ना लेकीनं, ना पोलिसानं, ना भावकीनं.

तेव्हापासून मी घरीच आहे. दोन-चार बायांचे ब्लाऊज येतात शिवायला, डोळ्याला दिसतं तोवर करतो. मागच्या आठवडी बाजारात शेजारच्या मशीनवरची ती बाई दिसली. मला बघून चुकवून जाईल वाटलं होतं, पण थांबली. ऑर्डर राहिली म्हणाली. फ्रॉक गेले, आता पोरांच्या चड्ड्या आल्यात म्हणाली. मी विचारलं, बिल्ला?

न्हाई आता, ती म्हणाली. उठायचं नि जायचं. सुपरवायझर नुसता बघतो, बोलत न्हाई.

मग जाता का, मी विचारलं.

ती हसली. "कुठं जातो, मामा. पाणी प्यायचीच सवय मोडलीय. बाटली तशीच घरी येती."

तिच्या एका हातात मेथीची जुडी होती नि दुसऱ्या हाताला धाकटी पोरगी. मी "पी बाई," म्हणलं. तिनं हो म्हणलं, पोरीला ओढलं नि बसकडं गेली.