कप्तानाला झोपवलं तेव्हा

माझे सासरे अकोटला इतिहास शिकवायचे. समुद्र त्यांनी आयुष्यात पाहिलेला नाही. तरी दर हिवाळ्यात शेतात हुरड्याच्या आगटीभोवती माणसं बसली, की ते एका इंग्रज आरमारी कप्तानाची गोष्ट सांगत. नाव कधी सांगितलं नाही. नुसता 'आपला कप्तान'. पोरवयात जहाजावर चढला, तोफांनी एक कान बहिरा झाला, आणि लढाया संपल्यावर सरकारनं त्याला लांबच्या एका बेटाचा गव्हर्नर करून टाकलं.

"बेट काई त्याच्या बापाचं नोतं," सासरे न विसरता सांगत, "पण जीव लावला त्यानं. थे बी खरं, हे बी खरं."

जमिनीवरही कप्तान डेकवर असल्यासारखा झुलत चालायचा. ते सासरे धोतर सावरत करून दाखवत, आणि काळ्या ढेकळांत आम्हाला लाटा दिसत.

गेल्या पावसाळ्यात त्यांना लकवा झाला. पायांनी बरेचसे सावरले, पण शब्द जड येऊ लागले, आणि चारचौघांत त्यांनी बोलणंच सोडलं. अमरावतीला आमच्या घरी बायकोनं चहा देता देता सांगितलं, "बाबा म्हनतात, यंदा हुरडा नाही."

"काहून?"

"मंग गोष्ट सांगा लागते ना."

आमच्याकडे सासरा जावयाला काम सांगत नाही, आणि जावयानं तोंडानं मागितलेला घास नाकारत नाही. हा हक्क मी कधी वापरला नव्हता. त्या दिवशी पुरेपूर वापरला. फोन लावला. "मामाजी, मले हुरडा खायचा आहे."

पलीकडून जड आवाजात, "या."

रविवारी दुपारी आगटी पेटली. कणसं भाजली, तळहातांवर चोळली गेली, लसणाची चटणी फिरली. सासरे खाटेवर, निखाऱ्यांकडे बघत. गोष्टीचं नाव कोणी काढेना. तेव्हा मी उठलो, खांद्यावर शाल टाकली आणि कप्तान झालो. अंगात नाटक आहेच माझ्या. नुसती कोणी हाक द्यायची खोटी.

झुलत चाललो. तोफा उडवल्या. बेटावर उतरल्या उतरल्या कप्तानाला कपाशी पेरायला लावली. साळा हसला. "भाऊजी, थ्या खडकावर?" सासऱ्यांची एक भुवई वर गेली. बस, एवढंच.

मग सरकारनं कप्तानाला परत बोलावलं. जहाज सुटलं. "आणि आपला कप्तान," मी शाल पांघरून जांभई दिली, "केबिनमध्ये जाऊन झोपला."

"नाही."

सासरे होते.

"झोपला... नाही थो." एकेक शब्द चिखलातून पाय काढावा तसा येत होता. "जलमभर... जहाजाच्या पुढं उभा राह्यला. त्या दिशी... मांगं जाऊन उभा राह्यला. बेट दिसे... तवरिक."

कोणी शब्द पुरवला नाही. हातातला हुरडा थंड झाला. बोलता बोलता सासरे उठले, माझ्या बायकोच्या खांद्याला धरून, आणि दोन पावलं झुलत चालले. झुलणं लकव्याचं किती आणि कप्तानाचं किती, ते मला अजून सांगता येणार नाही.

निघताना त्यांनी मला जवळ बोलावलं. "जावईबापू, कपाशीपर्यंत... मी गप होतो. पन झोपवलं तुमी त्याले."

"चुकलं, मामाजी."

"पुढच्या साली... दुसरं काई चुकवजा."