वसंताचे पाय

"पोटॅशियम फार खाली गेलंय," जळगावच्या दवाखान्यात डॉक्टरबाई म्हणाल्या. "हा हायपोकॅलेमिक पिरिऑडिक पॅरॅलिसिस. मधूनमधून येणारा लुळेपणा. घरात आणखी कुणाला होता?"

मी खाटेवरची चादर नीट करू लागलो. खाटेवर माझी पुतणी रेखा होती. आदल्या दिवशी घरच्या लग्नात ती जिलेबी-पुरी जेवली आणि सकाळी तिचे हातपाय उचलेनात.

बाईंनी मला समजेल असं सांगितलं. "नाना, केळीला पोटॅश देता ना? तेच नसांना आणि स्नायूंना लागतं. पेशीच्या पडद्याआत पोटॅशियम जास्त, बाहेर सोडियम जास्त. त्या फरकामुळे पडद्यावर बारीकसा विद्युतदाब असतो. सोडियम आत शिरलं की तो क्षणभर उलटतो आणि निरोप पुढे जातो. हिच्या स्नायूंच्या पडद्यातलं एक दार जन्मतःच सदोष आहे. गोड, जड जेवणानंतर रक्तातलं पोटॅशियम पेशींत ओढलं जातं, दाब बिघडतो. मेंदूचा निरोप येतो, पण स्नायू तो घेत नाही."

सलाईनमधून पोटॅशियम सुरू झालं. ईसीजी, म्हणजे हृदयाचा आलेख, सतत चालू. थोड्या थोड्या वेळाने रक्ताची तपासणी. बाकड्यावर बसून मी माझ्या वारलेल्या धाकट्या भावाला, तिच्या बापाला, वसंताला आठवत होतो.

तरुणपणी फैजपूरजवळच्या आमच्या मळ्यात भरीत पार्टी झाली. सकाळी केळीची गाडी भरायची, आणि वसंता उठेना.

"भाऊ, पाय हालत नाहीत रे."

"काल पुऱ्या हाणताना तर सगळं हालत होतं! सोंगाड्या!" मजुरांदेखत मी त्याच्यावर बादली ओतली. सगळे हसले. दुपारी तो चालू लागला, तेव्हा माझी खात्रीच पटली.

महिन्याभरात तो पिशवी उचलून मळ्याच्या बांधावरून दोंडाईच्याला निघून गेला. लग्नकार्याला यायचा, पण पंगतीला बसायचा नाही. मी त्याला ताठा समजत राहिलो.

संध्याकाळी रेखाची बोटं हलली. मी तिला सगळं सांगितलं.

"माहीत आहे, नाना. पप्पा म्हणायचे, मळ्यातलं भरीत एकदा पोटभर खायचंय. पण सकाळी उठलो नाही, तर भाऊला पुन्हा माझी लाज वाटेल."

मग मी डॉक्टरबाईंकडे जाऊन सांगितलं, "होता. माझ्या भावाला."

तुमच्या घरात कुणी म्हणालं, उठवत नाही, तर आधी खरं माना. लगेच दवाखाना गाठा.

रेखा आता बेतानं जेवते, गोळ्या घेते, चालते-फिरते. यंदाच्या भरिताला त्या वेळचे दोनच मजूर उरले होते. मी पंगतीत उभं राहून सांगितलं, वसंता सोंग करत नव्हता. मग बसलो. शेजारचं पान वसंतासाठी रिकामं ठेवलं होतं. जेवण आटोपेपर्यंत मी, तो निघून गेला त्या बांधाकडेच बघत होतो.