भिंत धरली का?

"भिंत धरली का?" चष्मा कपाळावर सरकवून मॅडम असं काही विचारायच्या, की समोरच्याचा आवाज आपोआप खाली यायचा.

सावेडीतल्या एका कॉलेजात आम्ही दोघी रसायनशास्त्र शिकवायचो. मी कायम नोकरीत, त्या तासिकेवर. म्हणजे दरवर्षी नव्याने मुलाखत आणि दरवर्षी प्रमुखांसमोर गोड हसणं. असं कुणीतरी तुम्हीही पाहिलं असेलच. मॅडम पाथर्डीकडच्या. वर्गात पुस्तकी बोलायच्या, चिडल्या की थेट गावाकडचं.

त्यांचं संशोधन घट्ट खडकातल्या खनिज तेलावर. स्टाफरूममध्ये एकाने दात काढत म्हटलं, "मग शिंगणापूरलाच जा की! तेलही तिथं, दगडही तिथं."

"त्यो दगड तेल अंगावर घेतो," मॅडम म्हणाल्या. "माझा पोटात ठेवतो. लई फरक हाय."

मला त्यांनी एकदा चहा पिता पिता समजावलं होतं. उघड्या भांड्यात दाब कमी केला की तेलात विरघळलेला वायू बुडबुडे होऊन सुटतो. खडकाच्या अतिसूक्ष्म छिद्रात मात्र भिंती इतक्या जवळ, की बुडबुड्याला जागाच नसते. त्याच दाबाला तिथलं तेल गप्प राहतं; दाब आणखी बराच उतरला, तरच वायू सुटतो. "बघणाऱ्याला वाटतं, आत काही नाहीच. भिंत कुणी हिशोबात धरतच नाही!"

विभागप्रमुखांनीही धरली नाही. मॅडमच्या शोधनिबंधावर त्यांना स्वतःचं नाव हवं होतं, आणि आकडे पुस्तकाशी जुळलेले हवे होते. "वायू इतक्या उशिरा सुटेल कसा? रीडिंग चुकलंय. बदला."

"न्हाई बदलणार," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. मी शेजारीच उभी होते.

जूनमध्ये त्यांच्या तासिका दुसऱ्याला गेल्या. तोंडावर कारण सांगायचीही लाज वाटली त्या प्रमुखाला. आजही त्याचा चेहरा आठवला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

आणि वर निरोप समारंभ! शाल, नारळ, आणि भाषणाला हेच महाशय. "मॅडम अत्यंत शांत स्वभावाच्या. इतक्या वर्षांत माझ्यासमोर कधी आवाज चढवला नाही." लोकांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

मॅडम उठल्या. अंगावरची शाल खुर्चीवर ठेवली, नारळ तिच्यावर ठेवला आणि दारापर्यंत गेल्या. तिथे वळून त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"शांत न्हवते मी, सर. जागा न्हवती."