भिंतीकडे तोंड करून

मेदिखान आगा गेले त्याला आज तेवीस दिवस झाले. संकलनाच्या खोलीत, खुर्चीत बसल्या बसल्या गेले. मी चहा घेऊन आत आले तेव्हा समोर त्यांचा सिनेमा थांबलेला होता. पडद्यावर काहीच नव्हतं. नुसतं काळं. ती जागा मला माहीत होती. चार मिनिटांची. ती त्यांनी आईसाठी मोकळी ठेवली होती.

मी त्यांना आगा म्हणायचे, थोरल्या भावाला म्हणतात तसं. वयाने ते माझ्या वडिलांएवढे होते. पण वडिलांसारखं वागणं त्यांना जमत नसे.

त्यांचा जन्म मंगोलियातला, बायान-उल्गीच्या डोंगरातला. घरी कझाख बोलायचे, शाळेत मंगोल. सैन्यात सगळे त्यांना ‘कझाख’ म्हणून हाक मारत. परत आल्यावर उल्गीच्या सांस्कृतिक भवनात सिनेमे दाखवायचं काम मिळालं. रिळं लावायची, तुटली की चिकटवायची. सीमा उघडल्या तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे होते. आपल्या लोकांच्या, कझाखांच्या देशात जायचं म्हणून एक सुटकेस घेऊन आल्माटीला आले. इथे सगळे त्यांना ‘मंगोल’ म्हणू लागले.

“काय रे मंगोला, घोडा कुठे बांधलास?” स्टुडिओच्या दारातला पहारेकरी रोज विचारायचा.

“तुझ्या कझाख भाषेशेजारी. दोघांनाही कोणी चारा घालत नाही.”

पहारेकरी रशियन सोडून काही बोलत नसे. तरी हसायचा.

बाजारात पोती उचलत उचलत त्यांनी सिनेमाचं शिक्षण पुरं केलं. एकोणचाळिसाव्या वर्षी पहिला सिनेमा केला, ‘खिंडीपलीकडचं घर’. नट त्यांच्या गावचे होते. स्टुडिओवाले म्हणाले, यांची बोली इथे कोणाला कळायची नाही. मग आल्माटीच्या रेडिओवरच्या लोकांनी सगळ्यांना आपले आवाज दिले. आगांनी ते मान्य केलं.

त्याहून मोठी एक गोष्ट त्यांनी मान्य केली होती. त्या सिनेमात नवरा मेल्यावर बाई विलाप म्हणते. आम्हा कझाखांत विलाप म्हणणारी बाई भिंतीकडे तोंड करून बसते. भिंतीवर मेलेल्याचे कपडे टांगलेले असतात. दोन्ही हात कमरेवर, पाठ सगळ्या घराकडे. ती कपड्यांशी बोलते. आलेल्यांनी ऐकायचं, बघायचं नाही. आल्माटीच्या आम्हा मुलींना हे पुस्तकातून कळतं. आगांनी ते लहानपणापासून पाहिलं होतं. पण छायाचित्रकार म्हणाला, “पाठ कोण बघत बसणार?” आणि आगांनी त्या नटीला वळवलं. तिने कॅमेऱ्याकडे बघून विलाप म्हटला. फार सुंदर म्हटला. तोच चेहरा पोस्टरवर आला. त्याच चेहऱ्याला युरोपात बक्षीस मिळालं.

ते बक्षीस घेऊन ते उल्गीला गेले. ज्या भवनात रिळं लावली, तिथेच सिनेमा दाखवला. विलाप आला तेव्हा मागच्या रांगेतल्या बायका फिस्सकन हसल्या. मग एकदम गप्प झाल्या. ते गप्प होणं जास्त वाईट होतं, असं आगा म्हणायचे.

घरी आल्यावर आईने फक्त एवढंच विचारलं, “ती बाई कोणाला रडत होती रे? यंत्राला?”

पुढची सात वर्षं त्यांनी सिनेमा केला नाही.

मी त्यांच्याकडे आले ती दुसऱ्या सिनेमासाठी. साहित्याची पदवी नुकतीच हातात पडली होती. संवाद उतरवून घ्यायचे, त्यांचं भाषांतर करायचं, असं काम होतं.

“विलापगीतं शिकलीस?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“म्हणता येतात?”

“परीक्षेपुरती.”

ते इतके हसले की मला राग आला. दुसऱ्या दिवसापासून मी कामाला लागले.

या सिनेमात कोणाचाही आवाज बदलायचा नाही असं त्यांनी ठरवलं होतं. गावातले लोक गावच्या बोलीत बोलतील. आणि विलाप त्यांची आई म्हणेल, पाठमोरी. निर्माता म्हणाला, “निदान शेवटी तरी वळव तिला.” आगा म्हणाले, “ती वळायची नाही, आणि मी वळवायचा नाही.” त्याआधी ते कोणाला असं नाही म्हणाल्याचं मी ऐकलं नव्हतं.

ऑगस्टमध्ये आम्ही उल्गीला गेलो. त्यांच्या आईचं नाव कुलपाश. सगळे तिला आपा म्हणतात, मुलगासुद्धा. आम्ही पोचलो तेव्हा ती छपरावर कुरुत, दह्याचे खारट गोळे, वाळत घालत होती. आगा शिडीवर चढले आणि तिथूनच बोलू लागले. मी खाली शिडी धरून उभी.

“आपा, एक विलाप म्हणशील? माझ्या सिनेमात.”

“कोण मेलंय?”

“कोणी नाही.”

“मग?”

“बाबांचा म्हण.”

“त्यांचा वर्षभर म्हटला. वर्ष सरलं, घोडा कापला, लोक जेवले, कपडे उतरवले. आता परत म्हटला तर ते दचकून उठतील. म्हणतील, घरात आता कोण गेलं?”

“मी पाठीमागून घेईन. तोंड दिसणार नाही. मागच्या खेपेला चूक झाली, आपा. ती मला दुरुस्त करायचीय.”

“चूक तू करायचीस आणि रडायचं मी?”

“चारच मिनिटं.”

“मेदिखान, माणसाशिवाय विलाप घरात आणायचा नसतो. तो रिकामा राहत नाही, माणूस शोधतो.” मग तिने एक ओला कुरुत उचलून त्यांच्या तोंडात कोंबला. “चावत बस. तेवढा वेळ तरी गप्प राहशील.”

आगा भरल्या तोंडाने तसेच खाली उतरले. “पुढच्या उन्हाळ्यात विचारीन,” ते मला म्हणाले. “दर वर्षी थोडी मऊ होते.”

आल्माटीत बाकीचा सिनेमा जोडून झाला. ज्या जागी आई यायची होती तिथे त्यांनी काळी पट्टी टाकली. निर्मात्याने दुसरी बाई शोधायला सांगितली. यांनी ऐकलं नाही. रोज सगळा सिनेमा लावायचे आणि त्या काळ्या पट्टीपुढे चार मिनिटं बसून राहायचे. पुढे पळवायचे नाहीत. मला वाटायचं, वेळ वाया जातोय. एकदा बोलूनही दाखवलं.

“ती म्हणत असते,” ते म्हणाले. “तुला ऐकू येत नाही, कारण तू परीक्षेपुरती शिकलीस.”

जानेवारीत ते गेले. खिंड बर्फाने बंद होती. आम्ही त्यांना आल्माटीतच पुरलं. आईची मूठभर मातीसुद्धा पडली नाही. उल्गीहून त्यांच्या चुलत्यांचा फोन आला, काबी आजोबांचा.

“तिला फोनवर कळता कामा नये. आम्ही सांगू, रीतीने. तू त्याचे कपडे घेऊन ये.”

“मीच का?”

“शेवटचा चहा तूच आणला होतास ना?”

खिंड उघडून मी पोचेपर्यंत सोळा दिवस गेले. आगांचा तपकिरी कोट, टोपी आणि बूट एका पिशवीत. दुसऱ्या पिशवीत त्यांचा कॅमेरा. तो का घेतला ते मला सांगता येत नाही. खोलीत एकटा ठेवून निघवेना.

सोळा दिवस सगळ्या गावाला माहीत होतं, फक्त तिला नव्हतं. काबी आजोबा आणि आणखी दोन म्हातारे पुढे, मी मागे. आम्ही आत गेलो. तिने चहा ओतला. काबी आजोबांनी दाढीवरून हात फिरवला. मरणाची बातमी आमच्यात सरळ सांगत नाहीत, पाखराच्या गोष्टीतून सांगतात.

“कुलपाश, एक ससाणा होता. फार उंच उडायचा...”

“काबी, ससाणा राहू दे,” ती म्हणाली. “सोळा दिवस जिच्याकडे जाते ती माझ्या चहात साय घालते. माझ्याशी भांडत कोणी नाही. माझा मुलगाच ना?”

मी पिशवी खाली ठेवली. कोटाची बाही बाहेर आली होती. तिने ती बघितली, हात लावला नाही. किटली मात्र नीट चुलीवर परत ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकांनी कोट आणि टोपी भिंतीवर टांगली. तिने डोक्याला पांढरं गुंडाळलं. बायका जमायला लागल्या तशी ती म्हणाली, “थोडा वेळ बाहेर थांबा गं. त्याचं एक काम राहिलंय.” मग माझ्याकडे वळली.

“ती दुसरी पिशवी. त्याचं यंत्र आहे ना त्यात?”

“हो, आपा.”

“चालवता येतं?”

“त्यांनी शिकवलं होतं. थोडंसं.”

“त्याला पाठ हवी होती. मागे बस. पुढे यायचं नाही.”

“आपा, नको. त्यांनीसुद्धा आज नको म्हटलं असतं.”

“त्याने शिडीवर चढून मागितलं होतं. मी तोंडात कुरुत घातला.” ती कोटासमोर बसली. हात कमरेवर ठेवले. “किती वेळ म्हणाला होता?”

“चार मिनिटं.”

“चार मिनिटांत माझा मुलगा मावेल का गं?”

मी मागे बसून कॅमेरा मांडीवर घेतला.

“मावेल,” ती म्हणाली. “जन्मला तेव्हा माझ्या बाहीत मावला होता.”

मी बटण दाबलं. लाल दिवा लागला. ती म्हणू लागली. अर्धे शब्द मला कळले नाहीत. आल्माटीत ज्यांच्यावर दुसरे आवाज चढवले तेच ते शब्द. जे कळलं ते असं: हिवाळी तळावर, वादळात जन्मलास, बाहीत गुंडाळून तुला चुलीपाशी नेलं. मंगोलांनी तुला कझाख म्हटलं, कझाखांनी मंगोल, तुझं नाव फक्त मी घेतलं. आता परक्या मातीत झोपलास, तिला तुझं नाव कोणी सांगितलं का? माझ्या उंटाच्या पिल्ला, यंत्रात बघत बसलास आणि घराची वाट बघायला विसरलास.

आवाज कुठे चिरकला नाही, कुठे थांबला नाही. पांढऱ्या कापडाखाली तिची पाठ ताठ होती. पलीकडे तपकिरी कोट, डाव्या खिशावर शाईचा डाग. शेवटचा सूर तिने लांब ओढला आणि हळूहळू जमिनीवर आणून ठेवला. मी आकडे बघितले. चार मिनिटं आणि थोडे सेकंद.

ती भिंतीकडेच बघत होती.

“त्याला हवं होतं तसं झालं का?”

“हो, आपा.”

“परत म्हणायला नको?”

“नको.”

“मग ते बंद कर,” ती म्हणाली. “आता मला रडायचंय.”