सासूबाईंची सोंड आणि स्वित्झर्लंडचं सॉकेट

"मशीनबिगर मी झोपत न्हाय, आन् मशीन घिऊन मी कुणाच्या घरी जात न्हाय," असं सांगून माझ्या सासूबाईंनी जर्मनीचा विषय दोनदा संपवला होता. तिसऱ्या वेळी नणंदेनं, वर्षानं, व्हिडिओ कॉलवर श्टुटगार्टचं नवं घर फिरवून दाखवलं आणि शेवटी रडायलाच लागली. आई गप्प बसल्या. आमच्या घरात त्यांचं गप्प बसणं म्हणजे होकार. मी त्याच संध्याकाळी व्हिसाच्या कामाला लागले.

झोपेत आईंचा श्वास मध्येच अडकतो. म्हणून रोज नाकावर मास्क, त्याला लांब नळी आणि उशाशी हवा सोडणारं यंत्र. एकदा ते बिघडलं, तर दुसऱ्या दिवशी भाजी निवडता निवडता डुलकी लागून त्या खुर्चीवरून पडल्या. डॉक्टरांनी बजावलंय, एक रात्रही चुकवायची नाही. पण कर्नाटकच्या सीमेवरच्या दुधनीत वाढलेल्या, चारचौघांत खळखळून हसणाऱ्या आमच्या आईंना ही 'सोंड' कुणाला दिसलेली चालत नव्हती. बेल वाजली की त्या आधी यंत्रावर टॉवेल टाकायच्या, मग दार उघडायला सांगायच्या.

तर आता प्लगचा प्रश्न. माझे पती शिरीष सूतगिरणीत मशीनच्या देखभालीचं काम बघतात, त्यामुळे घरातली वीज हा त्यांचा प्रांत. दुकानदारानं सगळ्या जगात चालणारा ठोकळा पुढे केला, तर ह्यांनी तो दोन बोटांत धरून हलवून पाहिला. "खडखडतोय. शिवाय अर्थिंग नाही. आईचं मशीन असल्या ठोकळ्यावर लावायचं नाही." मग आपले तीन पिनांचे प्लग युरोपात चालवणारा जाडजूड, गोल अडॅप्टर घेतला. घरी आल्यावर आम्हा दोघींना समोर बसवून व्याख्यान झालं. अडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज बदलत नाही. यंत्राच्या चार्जरवर १०० ते २४० लिहिलेलं असेल तर काळजी नको. ज्यावर फक्त २२० असेल, ते अमेरिकेत नेऊ नये.

"आपण कुटं अमेरिकेला चाललोय?" आईंनी विचारलं.

"माहिती असावी, आई."

आम्हा सोलापूरकरांना हैदराबादचं विमानतळ मुंबईपेक्षा सोयीचं पडतं. गाडी करून पहाटे निघालो, उमरग्याला चहा घेतला, हुमनाबादच्या पुढे डबा उघडला. यंत्र सामानात टाकू नका, हातातच ठेवा. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी असू द्या. विमानतळावर तपासणीला पिशवी उघडायला लावली आणि जवानानं नळी वर उचलून विचारलं, "ये क्या है, अम्मा?" मागे भली मोठी रांग. "सोंड," असं पुटपुटून आईंनी पदर तोंडावर ओढला.

श्टुटगार्टमध्ये गोल अडॅप्टर भिंतीत असा बसला, की शिरीषनी सगळ्यांना बोलावून दाखवला. आठवडाभर आमचं जेवण त्या अडॅप्टरच्या कौतुकाशिवाय झालं नाही.

मग वर्षा आम्हाला स्वित्झर्लंडला घेऊन गेली. श्टुटगार्टहून झ्युरिकला थेट रेल्वे आहे. तिकिटं आधी काढली तर बरीच स्वस्त पडतात. ल्युसर्नजवळच्या एका लहान गावात, उर्सुला नावाच्या एका वयस्कर बाईंच्या घरी वरच्या दोन खोल्या घेतल्या होत्या. खिडकीत तळं, तळ्यात डोंगर. शिरीषनी आल्या आल्या अडॅप्टर काढला आणि भिंतीपाशी ओणवे झाले. बराच वेळ उठेनात.

"काय झालं?"

"भोकं बारीक आहेत."

तिथलं सॉकेट खोलगट, षटकोनी आणि त्यात पेन्सिलीच्या टोकाएवढी तीन भोकं. आमच्या मोबाइलच्या चार्जरच्या दोन बारीक पिना आरामात आत गेल्या. जाड अडॅप्टर काही शिरेना. त्यात रविवार, दुकानं बंद.

"पण स्वित्झर्लंड युरोपातच येतं ना?" मी अगदी साधेपणानं विचारलं. ह्यांनी अडॅप्टर पुन्हा एकदा भिंतीवर दाबून पाहिला.

वर्षा म्हणाली, "खाली बाईंना विचारते."

"ब्याड, ब्याड!" घाबरल्या की आईंना नको म्हणायलाही कन्नड आठवते. "तिला कशाला सांगती? मी बसून राहीन की रातभर."

"मग आपण सगळेच परत जाऊ. शेवटची गाडी मिळेल," म्हणत वर्षा बॅगा भरू लागली. तिचा चेहरा पडला होता. ही सहल तिनं महिनोन् महिने ठरवली होती. आईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एका हातात चार्जर घेतला, दुसऱ्या हातात मास्क, आणि आम्ही काही बोलायच्या आत जिना उतरून खाली गेल्या.

आम्ही पोचलो तेव्हा आई स्वयंपाकघरात उभ्या राहून चक्क मराठीत बोलत होत्या. "बाई, हे लावल्याबिगर मला झोप न्हाय. तुमच्या भिंतीची भोकं लई बारीक हायती." उर्सुलाबाईंनी मास्ककडे पाहिलं, आईंकडे पाहिलं, मान मागे टाकली आणि घर्रर्र करून असं घोरून दाखवलं की मांजर टेबलाखाली पळालं. मग आईंचा हात धरून त्यांनी त्यांना थेट आपल्या झोपायच्या खोलीत नेलं.

पलंगाशी विणलेला रुमाल होता. तो उचलला, तर खाली तसंच यंत्र.

आई खाली बसल्याच. "अय्यो! तुमाला बी?"

कपाटातून उर्सुलाबाईंनी एक काळी वायर काढली. त्या जर्मनमध्ये काय म्हणाल्या ते वर्षानं सांगितलं, "यांचे मिस्टर पण लावायचे. ते गेले. यंत्र परत केलं, वायर राहिली." ती वायर आमच्या चार्जरमध्ये चपखल बसली. दुसरं टोक भिंतीत. हिरवा दिवा लागला. उर्सुलाबाई त्या दिव्याकडे जरा जास्त वेळ पाहत राहिल्या. आईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

सकाळी दोघी अंगणात पाव खात बसल्या होत्या. आईंनी शेंगांची चटणी वाढली. उर्सुलाबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि त्यांनी अजून मागितली. आम्ही डोंगरावरच्या रेल्वेची तिकिटं काढली होती. "तुमी जाऊन या," आई म्हणाल्या. "मी आन् उर्मिला बसतो हितंच."

वाचकांसाठी शिरीषचा सुधारित सल्ला: खंड बघू नका, देश बघा. स्वित्झर्लंड, इटली, इंग्लंड, प्रत्येकाची भिंत वेगळी. आणि चार्जरची वायर सुटी होत असेल, तर अडॅप्टरऐवजी त्या देशाची वायरच घ्या.

सोलापुरात, जुळे सोलापूर भागातल्या आमच्या फ्लॅटवर परतून आता बरेच दिवस झाले. तळ्याचे फोटो आम्ही अजून नीट लावलेले नाहीत. गेल्या आठवड्यात समोरच्या फ्लॅटमधले काका हिरमुसून आले. त्यांनाही डॉक्टरांनी हेच मशीन सांगितलंय आणि ते काही केल्या लावायला तयार नाहीत. काकू कंटाळल्या होत्या. आई उठल्या, आतून मशीन आणलं, भर दिवाणखान्यात सोफ्यावर बसून मास्क नाकावर चढवला आणि बटण दाबलं.

"बघा," त्या मास्कच्या आतून म्हणाल्या, "लाजताव कशाला? स्वित्झर्लंडात बी बाया हेच लावत्यात."

तेवढ्यात दाराची बेल वाजली. मी सवयीनं टॉवेल शोधायला वळले.

"ऱ्हाऊ दे गं," आई म्हणाल्या. "दार उघड."